दारासुरमचं चाक
कुंभकोणमजवळ दारासुरमला दुसऱ्या राजराज चोळाने १२व्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वर मंदिर आहे. तिथला एक मंडप म्हणजे घोडे जुंपलेला दगडी चाकांचा रथ. ते चाक कधी रुतणार नाही. कावेरीच्या गाळात मात्र बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव रुतायचीच. १८८८ मध्ये डनलॉपने सायकलसाठी हवेचा टायर काढला. पुढे तो मोटारीला लागला आणि वजन रुंद रबरावर पसरलं.

तरी गेल्या पावसाळ्यात आजारी जवानाला नेताना माझी गाडी कालव्याच्या बांधावर रुतली. डांबरी रस्त्याच्या टायरच्या उथळ खाचा चिखलाने भरल्या होत्या. आता रुंद खाचांचे ऑल-टेरेन बसवलेत. रोज डांबरावर घरघरतात, डिझेलही थोडं जास्त लागतं. चालेल. पुढचा आजारी माणूस वेळेवर पोहोचायला हवा.