मोटारसायकलीच्या इंजिनाचा आकार आणि स्वाराची सोय : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोटारगाडीत इंजिन आणि प्रवासी यांच्यासाठी स्वतंत्र जागा असतात. मोटारसायकलीवर मात्र स्वार दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि इंजिनही त्याच्या गुडघ्यांच्या मधल्या, आसनाखालच्या जागेतच बसवावे लागते. इंजिन उंच झाले तर आसन उंचावते, रुंद झाले तर पाय फाकतात, लांब झाले तर दोन चाकांतील अंतर वाढते. इंजिन जितके मोठे तितकी स्वाराची गैरसोय अधिक, हा समज यातूनच रूढ झाला. तो कितपत खरा आहे, हे १८८५ ते १९८८ या काळातील निवडक वाहनांच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. इंजिनासाठी जागेचा शोध

गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये जर्मनीतील कानस्टाट येथे तयार केलेल्या लाकडी चौकटीच्या वाहनात २६४ सीसीचे, अर्ध्या अश्वशक्तीचे इंजिन थेट खोगिराखाली होते. प्रज्वलनाची तप्त नळी आसनाखाली असल्याने चाचणीच्या वेळी खोगिराने पेट घेतला, असे सांगितले जाते. १८९४ मधील ‘हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर’ या वाहनाचे इंजिन १,४८९ सीसीचे होते. परंतु त्याची शक्ती केवळ अडीच अश्वशक्ती होती. आकार आणि शक्ती या एकच गोष्टी नव्हेत, हे येथेच स्पष्ट होते. १९०१ मध्ये पॅरिसच्या वेर्नर बंधूंनी इंजिन चौकटीच्या तळाशी, सायकलीच्या पायट्यांच्या जागी आणले. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली गेला. पुढे बहुतेक निर्मात्यांनी हीच जागा स्वीकारली.

२. सिलिंडरांची दिशा

जागा ठरल्यावर प्रश्न उरला तो सिलिंडर कोणत्या दिशेने ठेवावेत याचा. समोरासमोरचे दोन सिलिंडर वाहनाच्या लांबीच्या दिशेने बसवले की मागचा सिलिंडर वाऱ्याअभावी तापत असे. बीएमडब्ल्यूचे अभियंता माक्स फ्रिट्झ यांनी १९२३ च्या ‘आर ३२’ या ४९४ सीसीच्या मोटारसायकलीत हे इंजिन आडवे फिरवले. दोन्ही सिलिंडर दोन बाजूंना वाऱ्यात आले, वजन खाली राहिले आणि साखळीऐवजी दांड्याने मागच्या चाकाला गती देणे सोपे झाले. समोरासमोरचे दट्ट्ये एकाच वेळी विरुद्ध दिशांना सरकत असल्याने कंपनेही बरीच घटली. याची किंमत स्वाराच्या पायांपुढे आलेल्या सिलिंडरांच्या रूपाने मोजावी लागली.

याउलट ब्रिटिश मोटारसायकलींत शेजारी-शेजारी उभे असलेले दोन सिलिंडर रूढ होते. हे इंजिन अरुंद असल्याने गुडघ्यांना सोयीचे होते. परंतु दोन्ही दट्ट्ये एकदमच वर-खाली होत असल्याने इंजिन मोठे होत गेले तशी कंपने असह्य झाली. १९६७ च्या ‘नॉर्टन कमांडो’मध्ये ७४५ सीसीचे इंजिन, गिअरपेटी आणि मागच्या चाकाचा आधार हा सर्व भाग रबराच्या साहाय्याने मुख्य चौकटीपासून अलग ठेवण्यात आला. कंपने नाहीशी झाली नाहीत. ती स्वारापर्यंत पोहोचू दिली गेली नाहीत. मात्र या रबरी जोडांची नियमित देखभाल आवश्यक ठरली.

३. लहान इंजिन आणि नवा स्वार

१९५८ मध्ये जपानमध्ये आलेल्या होंडाच्या ‘सुपर कब’चे इंजिन अवघ्या ४९ सीसीचे होते. त्याचा सिलिंडर जवळजवळ आडवा ठेवल्याने आसनापुढील जागा मोकळी झाली आणि मागच्या चाकावरून टांग न टाकता वाहनावर बसता येऊ लागले. स्वयंचलित क्लचमुळे डावा हात मोकळा राहिला, तर प्लास्टिकच्या आवरणाने पाय चिखलापासून वाचले. इंजिन लहान केल्याने वाचलेली जागा स्वाराला देण्याचा हा विचार होता. २०१७ मध्ये या मालिकेतील वाहनांचे एकूण उत्पादन १० कोटींवर पोहोचले.

४. मोठे इंजिन आणि वजनाचा प्रश्न

याच कंपनीच्या १९६९ च्या ‘सीबी ७५०’मध्ये ७३६ सीसीचे चार सिलिंडर आडव्या रांगेत होते. इंजिन सफाईदार चालत असे आणि बटण दाबून सुरू होत असे. पण ते रुंद होते. १९७५ च्या ‘गोल्ड विंग’मध्ये ९९९ सीसीचे चार सिलिंडर दोन-दोनच्या जोड्यांनी दोन बाजूंना आडवे ठेवले गेले आणि इंधनाची टाकी आसनाखाली नेण्यात आली. त्यामुळे मोठे इंजिन असूनही गुरुत्वमध्य खाली राहिला. परंतु वाहनाचे वजन कमी झाले नव्हते. १९८८ मध्ये हीच मालिका १,५२० सीसी आणि सहा सिलिंडरांवर गेली, तेव्हा वाहन मागे सरकवण्यासाठी वेगळी यांत्रिक सोय द्यावी लागली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, इंजिनाचा आकार आणि स्वाराची सोय यांतील विरोध अटळ नाही. उष्णता, कंपने आणि गुडघ्यांची जागा हे प्रश्न प्रामुख्याने इंजिनाच्या मांडणीचे होते व मांडणी बदलून ते बऱ्याच अंशी सुटले. वजनाचा प्रश्न मात्र मांडणीने सुटला नाही. चालत्या वाहनावर सुखाने बसलेल्या स्वारालाही थांबल्यावर तेच वजन स्वतःच्या दोन पायांवर पेलावे लागते. म्हणून वाहनाच्या आराखड्यातून केवळ त्याची शक्ती ठरत नाही. त्यावर कोण बसू शकेल आणि कोण नाही, हेही ठरते.