दोन कान, एक खाच

आजचा धागा एसटीच्या प्रवासातून निघाला आहे. धुळ्याहून जळगावला येताना मावसभावाने आपले नवे इअरबड्स माझ्या कानात घातले. ते माझ्या फोनला जोडले, तेव्हा मी मान खिडकीकडे वळवली तरी गाणे फोनच्याच दिशेने येत राहिले. जणू गायक समोरच्या सीटवर बसला होता. त्याच्या फोनला जोडले, तर तोच गायक डोक्यासोबत गरगर फिरू लागला. "मना फोनवर काबरं नही व्हस?" त्याने विचारले. मी इतिहासाचा विद्यार्थी. उत्तर शोधायला मला जवळपास दीडशे वर्षे मागे जावे लागले.

प्रथम शरीराची बाजू पाहू. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो. हा विलंब जास्तीत जास्त 0.7 मिलिसेकंदांच्या आसपास असतो. तेवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. खालच्या स्वरांत काळाचा फरक कामी येतो, वरच्या स्वरांत तीव्रतेचा, असे लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडले. आवाज समोरून आला की मागून, हे ओळखायला बाह्यकर्णाच्या वळ्या मदत करतात. म्हणजे 'भोवतालचा' आवाज मुख्यतः दोन कानांमधल्या फरकातून आपल्याला कळतो.

हे सिद्धान्तात येण्याआधीच एकाने करून दाखवले होते. 1881 च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनची ध्वनिग्राहके ओळीने मांडली आणि तिथल्या तारा प्रदर्शनाच्या दालनापर्यंत नेल्या. श्रोत्याने दोन कानांना दोन श्रवणयंत्रे लावायची. गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेला की तो तसाच सरकताना ऐकू येई. आजच्या इअरबड्सचा पूर्वज हाच, फक्त तारेला बांधलेला.

मात्र गाणे साठवायची वेळ आली, तेव्हा जगाने एकाच कानाची वाट धरली. इथे जळगाव येते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच पुढचे बालगंधर्व, यांचे संगीताचे सुरुवातीचे शिक्षण जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. 1905 मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. या मंडळीच्या खेळात ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी, पुढे अहमदजान थिरकवाँचा तबला, आणि या सगळ्यांतून वाट काढत येणारा गंधर्वांचा गळा, हे सारे प्रेक्षागृहात वेगवेगळ्या जागांहून कानावर येत असे. त्यांची पदे ग्रामोफोनवर मुद्रित झाली, त्यात सुरुवातीच्या काळात कलावंतांना एका कर्ण्यापुढे दाटीवाटीने बसावे लागे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गळा टिकला; नाट्यगृह मात्र बाहेरच राहिले.

आणि ती तबकडी तरी कोणत्या यंत्रावर वाजायची? 'हे माझ्या फोनला चालेल का' या प्रश्नाचे हे आजोबा. ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हलते. फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या तबकडीत ती वर-खाली हलते, तिला पोलादी टोकाऐवजी नीलमण्याचा गोळा लागतो, आणि सुरुवातीच्या अनेक पाथे तबकड्या तर मधून सुरू होऊन कडेला संपतात. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस नळकांड्यांवर ध्वनिमुद्रणे करीत. 1908 च्या सुमारास ती पाथेच्या तबकड्यांवर उतरू लागली. अशी तबकडी ग्रामोफोनवर ठेवली तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि पोलादी सुई तिची खाच खरवडून काढते.

(धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद वाचताना मला हे नेहमी आठवते. मोडी न येणाऱ्याला तो कागद मुका वाटतो, पण त्याच्या पाहण्याने कागद निदान झिजत नाही. पाथेची तबकडी चुकीच्या यंत्रावर एकदा वाजवून पाहणेही महागात पडते. घरच्या ट्रंकेत जुनी तबकडी सापडली, तर आधी तिची पट्टी वाचा.)

आता लंडन, 1931. इएमआय या नव्या कंपनीतला अ‍ॅलन ब्लुमलीन भावी पत्नीसोबत चित्रपट पाहायला गेला होता. नट पडद्याच्या एका कडेला आणि आवाज भलत्याच जागेहून, हे त्याला खटकले, असे सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने दोन मार्गांच्या ध्वनीचे पेटंट मागितले. 1933 मध्ये 394325 या क्रमांकाने ते मंजूर झाले. 1935 मध्ये त्याने हेज स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचे ध्वनिचित्रण केले. त्यात गाडी खरोखर एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला निघून जाते. भुसावळच्या माणसाला त्याचे अप्रूप नसेल, पण त्याआधीच्या चित्रपटांत गाडी एकाच ठिकाणी धडधडत असे.

मला त्या पेटंटमधला सर्वांत देखणा भाग वाटतो तो खाचेचा. ब्लुमलीनने भांडणाऱ्या दोन्ही पद्धती एकाच खाचेत बसवल्या. खाचेच्या दोन भिंती 45 अंशांत. एकीवर डावा मार्ग, दुसरीवर उजवा. अशी खाच वाचताना सुईची आडवी हालचाल दोन्ही मार्गांची बेरीज देते आणि उभी हालचाल त्यांची वजाबाकी. आडवे तेवढेच वाचणाऱ्या एकमार्गी यंत्रालाही त्यामुळे पूर्ण गाणे मिळते, फक्त दिशा मिळत नाही. (जुन्या ताठ सुया खाच बिघडवत, हा भाग निराळा.) स्वतः ब्लुमलीन 1942 मध्ये रडारच्या चाचणीवेळी विमान अपघातात गेला. त्याच्या खाचेचे स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आले ते 1958 च्या सुमारास.

ही तडजोड सिनेमाला नेहमीच साधली नाही. 1975 चा 'शोले' 70 मिमी आणि 35 मिमी अशा दोन प्रतींत आला. अनेकमार्गी आवाज ऐकायचा तर 70 मिमीचा प्रोजेक्टर आणि तशी ध्वनियंत्रणा हवी. ती प्रामुख्याने मोठ्या शहरांत होती. जयने उडवलेले नाणे आपल्या खुर्चीखाली पडले असे वाटून प्रेक्षक वाकून पाहत, हा प्रसिद्ध किस्सा तिथला. तालुक्याच्या टॉकीजमध्ये आणि जत्रेच्या तंबूत ते नाणे पडद्यामागच्या कर्ण्यातूनच पडले. संवाद मात्र तिथेही पाठ झाले.

आता मावसभावाच्या प्रश्नाकडे. ब्लूटूथवरून इअरबड्सकडे येणारे मार्ग आजही सहसा दोनच. बहुतेक वेळा भोवतालचा आभास फोनमध्येच रचला जातो: कोणत्या दिशेचा आवाज डोक्याला आणि कानाच्या वळ्यांना वळसा घालून कसा पोचेल, याचे गणित करून. मान वळली की इअरबड्समधले संवेदक ते फोनला कळवतात आणि फोन गणित बदलतो. अ‍ॅपलने ही सोय 2020 मध्ये आपल्या उपकरणांत आणली. अँड्रॉइडमध्ये तिला सामाईक आधार मिळाला तो 2022 च्या तेराव्या आवृत्तीत. मावसभावाचा फोन त्याआधीचा. बड्स मान वळल्याचे सांगत होते, पण ऐकून घेणारे कोणी नव्हते. गाणे तरीही वाजत होते, कारण एसबीसी ही संकेतपद्धती क्लासिक ब्लूटूथवरून स्टिरिओ गाणे ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणाला सक्तीची आहे. ब्लुमलीनच्या आडव्या हालचालीचे काम आज ती करते.

हे सगळे सांगेपर्यंत एरंडोल आले. त्याने एक बड स्वतःच्या कानात ठेवला, दुसरा मला दिला आणि लगेच कुरकुरला, "सारंगी तुन्हाकडेच वाजस!" मी त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरून 'मोनो' चालू केले. जळगाव स्टँडपर्यंत दोघांनाही सारंगी ऐकू आली.