‘अस्मान दाखवणे’: लाल मातीतील एका वाक्प्रचाराचा इतिहास

प्रतिस्पर्ध्याचा पुरता पराभव करणे या अर्थाने मराठीत रुळलेला ‘अस्मान दाखवणे’ हा वाक्प्रचार कुस्तीच्या नियमाशी थेट जोडलेला आहे. मातीतल्या कुस्तीत मल्लाची पाठ जमिनीला टेकली की तो ‘चीत’ होतो आणि कुस्ती निकाली ठरते. पालथा पडलेला मल्ल मात्र हरलेला नसतो. त्यामुळे खालचा मल्ल छाती मातीला चिकटवून तग धरतो, वरचा घिस्सा मारून त्याला उताणा करू पाहतो आणि तो उलटला की उघड्या फडात त्याच्या डोळ्यांसमोर केवळ आकाश उरते.

या वाक्प्रचारातील ‘अस्मान’ हा शब्द फारसी असून, हिंदी-उर्दूतही हा प्रयोग आढळतो. तालमीत गुरूला म्हणतात तो ‘वस्ताद’ हा शब्दही फारसी ‘उस्ताद’वरूनच आला आहे. मल्लविद्या मात्र या शब्दांहून जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मल्लविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण असून, त्यात मल्लांची प्रतवारीही दिली आहे.

1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी मुष्टियुद्धात खाली पडलेल्या खेळाडूला उठण्यासाठी दहा सेकंद दिले, म्हणूनच इंग्रजीत पूर्ण पराभवाचा वाक्प्रचार त्या मोजणीवरून रूढ झाला. मातीतल्या कुस्तीत अशी सवलत नसल्याने मराठी वाक्प्रचारात पराभवाचा तो एकच क्षण उमटला आहे.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक मिळवले ते मॅटवर, आणि बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले तेही मॅटवरच. तेथे गुणांवरही विजय मिळत असला, तरी दोन्ही खांदे टेकवून लढत तत्काळ संपवण्याचा नियम कायम आहे. डोक्यावर छप्पर आले तरी ‘अस्मान दाखवणे’ अर्थपूर्ण राहिले आहे ते याच नियमामुळे; तो अर्थ पुढच्या पिढ्यांना डोळ्यांनी पाहता यावा, यासाठी मॅटबरोबरच गावोगावच्या लाल मातीच्या तालमीही जपल्या पाहिजेत.