ओढणं सोपं, थांबवणं अवघड: ट्रेलरची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग चला, 1914 च्या डेट्रॉइटमध्ये.

तिथे ऑगस्ट फ्रुहॉफ नावाचा एक लोहार होता. घोडागाड्या बनवायचा. एक दिवस सिब्ली नावाचा लाकडाचा व्यापारी आला. त्याला आपली बोट तलावापर्यंत न्यायची होती, फोर्ड मॉडेल टी च्या मागे जोडून. फ्रुहॉफने तसा गाडा बनवून दिला. तो इतका जमला की सिब्लीने लाकूड वाहायलाही तसेच गाडे मागितले. नाव पडलं सेमी-ट्रेलर. 'सेमी' का? कारण त्याला पुढची चाकं नसतात, पुढचा भार ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर बसतो. आपल्याकडे त्या पुढच्या गाडीला अजूनही 'घोडा' म्हणतात, बरं का!

हा पाठीवरचा भार कामाचा असतो. त्यामुळे टायर रस्ता धरून ठेवतात. कारमागच्या छोट्या ट्रेलरलाही हाच नियम लागू: एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर हवा. सगळा माल मागे लादलात, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो.

पण खरी परीक्षा उतारावर. गणित बघा. 40 टनांची गाडी 500 मीटर खाली उतरली, की सुमारे 54 युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे 2 किलोवॅटचे 54 गिझर अर्धा तास चालू! एवढी उष्णता नुसत्या ब्रेकवर सोडली, तर ते तापून पकडच सोडतात. म्हणून घाटात खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणं म्हणजे हे सगळे गिझर ब्रेकच्या गळ्यात बांधणं.

आणि ब्रेकची हवाच गेली तर? याचं उत्तर रेल्वेने आधीच शोधलं होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या 1869 च्या एअर ब्रेकमध्ये हवा भरली की ब्रेक लागायचा. पाइप फुटला की ब्रेक गायब. 1872 मध्ये त्याने लॉजिकच उलटं केलं: हवा गेली की ब्रेक लागणार. आम्ही कोडवाले यालाच फेल-सेफ म्हणतो. आजच्या जड ट्रेलरचा पाइप तुटला तरी त्याचे ब्रेक आपोआप लागतात, ते याच विचारामुळे.

म्हणून ट्रक निवडताना "किती ओढतो?" एवढंच विचारू नका. ट्रकचं स्वतःचं वजन, ब्रेक, रिटार्डर, मंजूर भार, सगळं बघा. "भरलेला ट्रेलर घेऊन घाटात थांबेल का?" हा प्रश्न पहिला. कारण चढावर ताकद कमी पडली, तर उशीर होतो. उतारावर ब्रेक कमी पडले, तर पुढच्या गाडीतलं कुणीतरी घरी पोचत नाही.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, घाटात ट्रेलर हळू उतरत असेल, तर हॉर्न वाजवू नका. तो ड्रायव्हर बरोबर चालवतोय.