आजोबांची लाईन

"पीरभॉय शेटला नेरळात घोडा मिळाला नाही, म्हणून ही माथेरानची गाडी झाली," आजोबा सांगायचे. सर आदमजी पीरभॉय माथेरानला निघाले, नेरळला उतरले, तर घोडे आणि पालख्या आधीच वर गेलेल्या. तिथल्या तिथं त्यांनी ठरवलं, इथं आगगाडी आणायची! ही नेरळच्या जुन्या माणसांची गोष्ट. कागदोपत्री आहे ते असं, की त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी सोळा लाख रुपये खर्चाची ही लाईन बांधली आणि मार्च १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोचली. रुळांमधलं अंतर दोन फूट, चढ वीस फुटांना एक फूट, आणि वळणं इतकी आवळलेली की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दिसतं.

आजोबा याच गाडीवर ब्रेक पोर्टर. डब्याडब्याला ब्रेकचं लोखंडी चाक आणि त्यावर एकेक माणूस. ड्रायव्हरनं शिट्टीची खूण दिली की सगळ्यांनी चाकं आवळायची, पुढच्या खुणेला सैल सोडायची. उतारावर एकाचा हात मागं राहिला तरी हिसका साऱ्या गाडीला बसायचा. आजोबांच्या उजव्या तळव्याला अंगठ्याखाली घट्टा पडला होता. पेन्शनीत गेल्यावरही तो शेवटपर्यंत राहिला. आजी त्यावर खोबरेल चोळायची. पीरभॉयांचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. पण गाडी रोज सुखरूप खाली आणली ती या हातांनी, हे माझ्या लेखी तेवढंच मोठं आहे.

परवा माथेरान स्टेशनात उतरले. गावात मोटारींना बंदी, त्यामुळे मोटारी जिथं थांबतात त्या दस्तुरीच्या पुढं सामान बहुतेक जातं ते हमालांच्या डोक्यावरून, घोड्यावरून, नाहीतर या आगगाडीतून. फलाटावर एक मावशी दोन बॅगा एकावर एक ठेवून, चुंबळ सारखी करत उभ्या होत्या. त्यांच्या सासूबाईही हेच काम करायच्या, म्हणाल्या. "गाडी चालू असली की आमची चूल चालू."

पण २६ जुलै २००५ च्या पावसात लाईन जागोजाग वाहून गेली. मार्च २००७ मध्ये, ऐन शंभरीला, ती पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसानं परत तोडली, आणि नेरळहून वर जाणारी गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिली. पर्यटक टॅक्सीनं थेट दस्तुरीला येत राहिले. मधल्या जुम्मापट्टी स्टेशनावर करवंदं विकणाऱ्या ठाकर बायकांकडे मात्र कोण थांबणार?

म्हणून माथेरानला जाल तेव्हा वेळ हाताशी ठेवा आणि नेरळहून गाडीनंच जा. मे महिना असेल तर जुम्मापट्टीला ठाकरणींकडून करवंदं घ्या. वर बॅग हमालाकडे द्या, आणि मजुरीत घासाघीस करू नका.