इराणी ब्लॉगांचा नकाशा

इराणमधला ब्लॉग म्हणजे राजवटीला विटलेल्या शहरी तरुणांची चोरटी कुजबुज, ही समजूत पाश्चात्त्य वृत्तपत्रांत बरीच वर्षं ठाण मांडून होती. तिला आधार नव्हता असं नाही. टोरंटोत राहणाऱ्या हुसेन देरख्शान यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये फारसीत ब्लॉग कसा सुरू करावा याची सोपी माहिती लिहून दिली. तेव्हा मायदेशी सुधारणावादी वृत्तपत्रांना टाळी लागत होती, त्यामुळे अनेक पत्रकार ब्लॉगांकडे वळले. पण परदेशी वाचकाच्या नजरेला पडत ते मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्यांचे किंवा देशाबाहेरच्यांचे ब्लॉग. त्यावरून सगळ्या फारसी ब्लॉगविश्वाचा अंदाज बांधणं धाडसाचंच होतं.

एप्रिल २००८ मध्ये जॉन केली आणि ब्रूस एटलिंग यांनी हार्वर्डच्या बर्कमन केंद्रातर्फे हा अंदाज तपासला. नियमित लिहिले जाणारे सुमारे ६०,००० फारसी ब्लॉग असावेत, असं त्यांनी धरलं. त्यांपैकी अधिक जोडलेल्या ब्लॉगांमध्ये कोण कोणाला लिंक देतो, हे संगणकाने टिपलं. प्रत्येक ब्लॉग म्हणजे एक ठिपका; एकमेकांशी जोडलेले ठिपके नकाशावर जवळ ओढले गेले आणि चार मोठे पुंजके दिसले. सेक्युलर-सुधारणावादी पुंजका अपेक्षितच होता. त्याच्यासमोर धार्मिक-परंपरावाद्यांचा भरघोस पुंजका होता, आणि एक चक्क कविता-साहित्याचा! (फारसी माणसाला ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटू नये.) चौथा सरमिसळ. आणखी मासलेवाईक गोष्ट अशी, की नाव लपवून लिहिण्याची चाल सुधारणावाद्यांपेक्षा परंपरावाद्यांत अधिक आढळली. कुजबुजीच्या सिद्धान्ताला याहून मोठा धक्का कोणता?

यावर आक्षेप असा, की लिंक म्हणजे सहमती नव्हे. शिव्या द्यायलाही लिंक देतात. खरं आहे. म्हणूनच संशोधकांनी फारसी जाणणाऱ्यांकडून ब्लॉग वाचून घेतले आणि पुंजक्यांची ओळख त्या वाचनातून पटवली. नुसती आकृती इथे मुकीच राहिली असती. दुसरा आक्षेप, की परंपरावादी ब्लॉग सरकारनेच पेरले असतील. काही असतीलही, पण त्या पुंजक्यात क्रांतीचे समर्थक असूनही नेत्यांवर, धोरणांवर टीका करणारे होते. सगळाच पुंजका पेरलेला मानला, तर या टीकेचा उलगडा होत नाही. इराणात बहुमत कुणाचं, हे मात्र या नकाशाला विचारू नये. कोण कोणाची दखल घेत होतं, एवढ्यापुरती त्याची साक्ष ग्राह्य आहे.