भिंती आणि उंबरे



मुंबईतला एक जुना हरताळ मजुरीसाठी नव्हता. तो कुत्र्यांसाठी होता. १८३२ च्या जूनमध्ये सरकारी हुकुमाने मोकाट कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी मंडळींनी दुकाने बंद केली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ह्यांनी पांजरपोळाची स्थापना केली. लंडनमध्ये मेरी टील्बी ह्या बाईंनी १८६० मध्ये कुत्र्यांचे आश्रयगृह काढले.

भिंती उभ्या राहिल्या. परंतु भिंतींना माप असते. पिंजरे भरले की नव्या जिवाला जागा नाही. अमेरिकेत अशा गर्दीपायी असंख्य जनावरे मारली गेली. मग उरला तो उंबऱ्यांचा उपाय: कोणी तरी ते जनावर काही आठवडे आपल्या घरी ठेवावे. पण असे घर शोधायचे कसे? २००४ मध्ये फेसबुक निघाले, आणि पुढे पिंजऱ्यातला चेहरा घरोघर पोचू लागला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे आश्रयगृहांनी हाक दिली, तेव्हा न्यूयॉर्कमधील काही संस्थांकडे घरे अधिक आणि कुत्री कमी, असे झाले.

कामगार चळवळीत आम्ही एक गोष्ट जाणतो: टाळी म्हणजे सभासद नव्हे. ‘कुत्री वाचवा’ म्हटले की टाळ्या पडतात. ‘हे पिल्लू, तीन आठवडे, औषधपाणी संस्थेचे’ असे म्हटले की एखादे दार उघडते. त्या एका दाराने पिंजरा रिकामा होतो, आणि रस्त्यावरचा दुसरा जीव आत येतो. हरताळाने कुत्र्यांचा जीव मागितला होता. आता मागणे आहे ते आपल्या ओसरीवरच्या कोपऱ्याचे.